चाकांवरचे घर आणि उणे तीस अंश

जानेवारी महिन्यातल्या एका सकाळी कॅनडातील विनिपेग शहरातून एक मोटारघर निघाले आहे, अशी कल्पना करा. मोटारघर म्हणजे बसच्या सांगाड्यावर बांधलेले छोटेसे घर. त्यात बिछाने असतात, स्वयंपाकाचा ओटा असतो, गॅसची शेगडी, न्हाणी, शौचालय आणि पाण्याची टाकीही असते. जायचे आहे कॅलगरीला. रेजायना, मूस जॉ, मेडिसिन हॅट अशी गावे घेत जाणारा हा रस्ता सुमारे तेराशे किलोमीटरचा आहे. दोन्ही बाजूंना प्रेअरीचा सपाट प्रदेश. वाऱ्याला अडवणारे काही नाही. आणि बाहेरचे तापमान आहे उणे ३० अंश सेल्सियस. ही काही विक्रमी थंडी नव्हे. तिकडच्या जानेवारीत असे दिवस येतच असतात.

खरे म्हणजे शहाणे मोटारघरवाले या दिवसांत तिकडे थांबतच नाहीत. पाने गळू लागली की ते गाडी दक्षिणेकडे वळवतात आणि ॲरिझोना किंवा फ्लोरिडात हिवाळा काढतात. त्यांना गमतीने 'स्नोबर्ड', म्हणजे हिमपक्षी म्हणतात. पण काहींना नोकरीसाठी थांबावे लागते, काहींना बर्फावर घसरण्याच्या खेळांची हौस असते, आणि काहींना या चाकांवरच्या घराखेरीज दुसरे घरच नसते. आपली गाडी अशांपैकी एकाची. तिच्यात चार माणसे आहेत आणि त्यांना दोन-तीन रात्री रस्त्यातच काढायच्या आहेत. तुमच्या पाठ्यपुस्तकातील उष्णतेचा धडा या गाडीत जागोजागी भेटतो, म्हणून आपणही त्यांच्याबरोबर जाऊ या.

आधी इंधनाचा हिशेब करू. गाडीची राहण्याची खोली ७ मीटर लांब, २.३ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच धरू. भिंती, छप्पर आणि जमीन मिळून तिचे क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर भरते. भिंतीत थर्मोकोलसारखा उष्णतारोधक थर असला तरी मोठ्या खिडक्या आणि फटी यांमुळे दर चौरस मीटरमधून, तापमानातील दर अंश फरकास, सरासरी दीड वॅट उष्णता बाहेर जाते असे मानू. आत २० अंश आणि बाहेर उणे ३०, म्हणजे फरक ५० अंशांचा. आता गुणाकार करा : ७० × १.५ × ५० = ५,२५० वॅट. म्हणजे सव्वापाच किलोवॅटची शेगडी अहोरात्र पेटती ठेवावी लागेल. चोवीस तासांत ही उष्णता होते १२६ युनिट. एक किलोग्रॅम प्रोपेन वायू जाळला की सुमारे १३ युनिट उष्णता मिळते. त्यातील धुराबरोबर निघून जाणारा भाग वगळला तर हाती दहा युनिट उरतात. म्हणजे दिवसाला साडेबारा किलो गॅस! आपल्या घरी येणाऱ्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि तो कितीतरी दिवस पुरतो. इथे तो जवळजवळ एका दिवसात संपतो.

अशा गाडीत आतल्या भिंतीवर एक गंमत दिसते. भिंत कोरडी असते, पण स्क्रूंच्या डोक्यांवर मात्र हिमाचे पांढरे ठिपके उमटलेले असतात. धातू हा उष्णतेचा सुवाहक. बाहेरच्या पत्र्यापासून आतपर्यंत गेलेला प्रत्येक स्क्रू म्हणजे उष्णतेला पळून जायला बांधलेला एक छोटा पूलच.

आता गॅसचीच गोष्ट. सिलिंडरमध्ये वायू द्रवरूपात असतो आणि त्याची वाफ होऊन ती शेगडीकडे जाते. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्धा अंश आहे. बाहेर उणे ३० अंश असताना ब्यूटेनचा सिलिंडर भरलेला असूनही निरुपयोगी ठरतो, कारण आतला द्रव उकळतच नाही. प्रोपेनचा उत्कलनबिंदू मात्र उणे ४२ अंश आहे. म्हणून थंड प्रदेशांत जवळजवळ शुद्ध प्रोपेनच विकला जातो. आपल्याकडील स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. आपल्या हवेला ते ठीक आहे.

पण प्रोपेनही निर्धोक नाही. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती त्या द्रवातूनच घेतली जाते. त्यामुळे गॅस जितक्या जोराने वापरावा, तितका सिलिंडर अधिक गार होतो. बाहेर उणे ३० असताना आतला द्रव उणे ४० कडे सरकू लागला की दाब उतरतो आणि ज्योत मंदावते. सिलिंडर अर्धा रिकामा असेल तर हे लवकर घडते, कारण द्रवाला टेकलेला पत्रा कमी, म्हणून बाहेरून येणारी उष्णताही कमी. उपाय म्हणजे मोठा सिलिंडर घ्यावा आणि तो भरलेला ठेवावा. सिलिंडर 'जरा शेकून घेऊ' असा विचार मात्र स्वप्नातही करू नये.

गाडी गरम ठेवणारी भट्टी गॅसवर चालते, पण तिची हवा खोलीभर फिरवणारा पंखा चालतो बॅटरीवर. आणि बॅटरीला थंडी सोसत नाही. शिसे-आम्ल बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. उणे १८ अंशांच्या सुमारास तिच्याकडून नेहमीच्या निम्मेच काम मिळते. तिच्यातले सौम्य सल्फ्यूरिक आम्ल गोठेल का? बॅटरी पूर्ण भारित असेल तर उणे ५० अंशांतही ते गोठत नाही. पण बॅटरी उतरत जाते तसे आम्ल पाण्यासारखे पातळ होत जाते, आणि पूर्ण उतरलेली बॅटरी उणे आठ-दहा अंशांतच गोठून फुटू शकते. अलीकडच्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटऱ्यांची अडचण निराळी आहे. त्या थंडीत वीज देतात, पण शून्याखाली त्या भारित करायच्या नसतात. तसे केल्यास लिथियम धातूचा थर आत साचतो आणि बॅटरी कायमची खराब होते. म्हणून जाणकार लोक बॅटरीला बाहेरच्या खणात न ठेवता घरात, माणसांच्या शेजारी जागा देतात.

आता साखळी कशी जुळते ती पाहा. बॅटरी उतरली की पंखा थांबतो. पंखा थांबला की भट्टी बंद होते. भट्टी बंद झाली की जमिनीखालून गेलेल्या पाण्याच्या नळ्या काही तासांत गोठतात.

टाकीची काळजी त्या मानाने कमी. दीडशे लिटर पाणी १० अंशांवरून शून्यावर येताना १,५०० किलोकॅलरी उष्णता देते आणि त्या पाण्याचा पूर्ण बर्फ व्हायचा तर आणखी १२,००० किलोकॅलरी बाहेर पडाव्या लागतात. ही त्याची अप्रकट उष्णता. तिच्यामुळे टाकी बराच वेळ तग धरते. पण १२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मीटरभर लांबीला जेमतेम ११३ ग्रॅम पाणी मावते. त्याची उष्णता किती, आणि ती किती टिकणार?

नळी फुटते कशी, याविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून जिथे बर्फ झाला तिथेच नळी फुटणार, असे वाटते. पुष्कळदा तसे होत नाही. नळीत प्रथम एका जागी बर्फाचे बूच बसते. ते दोन्ही बाजूंना वाढू लागते. एका बाजूचे पाणी मागे टाकीकडे सरकू शकते, पण दुसऱ्या बाजूला नळ घट्ट बंद असतो. मधे कोंडलेल्या पाण्याला जागा नाही, आणि पाणी दाबून लहान होत नाही. दाब भराभर वाढतो आणि नळी तिच्या कच्च्या जागी फाटते. तिथे कदाचित बर्फाचा कणही नसतो! म्हणूनच कडाक्याच्या थंडीत घरांतून नळ थेंब थेंब गळता ठेवतात. कोंडलेल्या पाण्याला वाट मिळते. मोटारघरात मात्र हा उपाय परवडत नाही. टाकी रिकामी होते आणि सांडपाण्याची टाकी भरते. तेथे नळ्यांवर विजेच्या उबदार पट्ट्या गुंडाळतात, नाहीतर सगळे पाणी काढून टाकून नळ्यांत प्रोपिलीन ग्लायकॉलचे गुलाबी द्रावण भरतात. इंजिनाच्या रेडिएटरमध्ये सामान्यतः असते ते एथिलीन ग्लायकॉल. ते विषारी आहे आणि चवीला गोड, म्हणून अधिकच घातक. पिण्याच्या पाण्याच्या नळीत ते कधीच घालायचे नसते.

डिझेलचेही ऐका. हिवाळ्यात आपल्याकडे खोबरेल तेलाची बाटली थिजते आणि मग ती उन्हात ठेवावी लागते. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. थंडीत त्यांचे स्फटिक होऊन गाळणीत अडकतात आणि इंजिन बंद पडते. कॅनडात हिवाळ्यासाठी वेगळे डिझेल मिळते. आपल्या लडाखमध्येही २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल मिळू लागले आहे. शिवाय तिकडच्या गाड्यांच्या पुढच्या बाजूने विजेची एक दोरी लोंबत असते. रात्री ती जोडून ठेवली की इंजिन कोमट राहते. नवखा पाहुणा या सगळ्या गाड्या विजेवरच्या समजतो.

चाकांची हवाही तपासायला हवी. २० अंशांना ६५ पौंड हवा भरलेली असेल, तर वातावरणाचे १५ मिळवून खरा दाब झाला ८०. केल्विन मापाने तापमान २९३ वरून २४३ वर आले, म्हणजे दाब राहिला ६६. त्यातून १५ वजा केले की मापकावर दिसतील फक्त ५१ पौंड. चाक पंक्चर नाही, हवाही गळलेली नाही.

आता रात्रीचा प्रसंग. गाडी उभी आहे, चौघे झोपण्याच्या तयारीत आहेत, आणि घरधनी छपराची झडप थोडी उघडून ठेवतो. बाहेर उणे ३०! त्याला वेड लागले आहे का?

मुळीच नाही. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला सुमारे ४० ग्रॅम पाणी बाहेर टाकतो. चौघांचे आठ तासांत सव्वा लिटर होते. गाडीत हवा आहे सुमारे ३४ घनमीटर. २० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प मावते, म्हणजे सगळी हवा अगदी संपृक्त झाली तरी सहाशे ग्रॅमसुद्धा मावणार नाही. उरलेले पाणी जाणार कुठे? काचेवर, कोपऱ्यात, गादीखाली. तेथे त्याचे दव होईल, मग हिम होईल आणि पुढे लाकूड कुजेल. बाहेरच्या उणे ३० अंशांच्या हवेत मात्र घनमीटरला अर्धा ग्रॅमही बाष्प नसते. ती आत घेऊन तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता दोन टक्क्यांच्या आसपास येते. अशी तहानलेली हवा तासाला वीसेक घनमीटर खेळवली की चौघांचे बाष्प ती घेऊन जाते. ती तापवायला तासाला एक तृतीयांश युनिट उष्णता लागते. सव्वापाचच्या मानाने हा खर्च किरकोळच.

ओट्यावरची शेगडी पेटवून खोली उबदार करावी, असा मोह होतो. तोही वाईट. प्रोपेन जळताना पाणी तयार होते. समीकरण मांडून पाहा : ४४ ग्रॅम प्रोपेनपासून ७२ ग्रॅम पाणी. म्हणजे एक किलो गॅस जाळला की सव्वा-दीड नव्हे, तर सोळाशे ग्रॅम पाणी खोलीत येते. भट्टीचे तसे नसते. तिची ज्योत बंदिस्त असते, ती हवा बाहेरून घेते आणि धूर बाहेरच सोडते.

पाण्याहून भयंकर आहे तो कार्बन मोनॉक्साइड. ज्वलनाला ऑक्सिजन अपुरा पडला की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. डोके जड होते, झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. रात्रभर बर्फ पडून भट्टीचे धुराडे किंवा चालू इंजिनाची धूरनळी गाडली गेली की हा वायू आत पसरू शकतो. आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅसचा बंब लावून झालेल्या अपघातांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, कारण हेच. म्हणून अशा गाडीत या वायूची सूचना देणारी घंटा बिछान्याजवळ हवीच, आणि बर्फ पडत असेल तर रात्रीतून एकदा तरी उठून, फावडे घेऊन धुराडे मोकळे करायला हवे. अंथरुणातून निघायला जिवावर येते खरे.

तिसऱ्या दिवशी गाडी कॅलगरीजवळ येते. तिकडे हिवाळ्यात अधूनमधून चिनूक नावाचा वारा सुटतो. पॅसिफिकवरून आलेली दमट हवा रॉकी पर्वत चढताना आपले पाणी टाकते आणि कोरडी होऊन पलीकडे उतरते. उतरताना ती दाबली जाऊन किलोमीटरमागे सुमारे दहा अंशांनी तापते. मग काही तासांत तापमान वीस-वीस अंशांनीही चढू शकते, रस्त्याकडेचा बर्फ दिसेनासा होतो आणि लोक कोटाची बटणे सोडतात. मोटारघराचा मालक मात्र अशा वेळी विजेरी घेऊन ओट्याखाली डोकावतो. नळी गोठून फुटली असली तरी बर्फाच्या बुचामुळे इतका वेळ ती गळत नव्हती. गळणार असेल तर ती आता, बर्फ वितळल्यावर गळेल.