मागचा पिस्टन हटून का बसतो?

पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड घरी बदललेला माणूस मागच्या चाकापाशी हमखास अडतो. नवे जाड पॅड बसायला पिस्टन आत सारावा लागतो. पुढे तो सी-क्लॅम्पने मुकाट आत गेलेला असतो. इथे हलत नाही. मग जोर लावला जातो आणि कॅलिपर कामातून जातो.

कारण हँडब्रेक. अनेक गाड्यांत मागचा पिस्टन दोघांची चाकरी करतो: पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब त्याला ढकलतो, हँडब्रेक ओढला की केबल. पॅड झिजले तरी केबलची ओढ वाढू नये म्हणून पिस्टनच्या पोटात आट्यांचा दांडा असतो. झिजेनुसार पिस्टन आपोआप पुढे येऊन थांबतो. म्हणजे बरणीचं झाकणच! ते दाबून नव्हे, फिरवून बसतं. पिस्टनच्या तोंडावरच्या खाचा त्यासाठीच. बहुधा घड्याळाच्या दिशेने. काही गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असतात. हँडब्रेक बटणाचा असेल, तर आधी त्याची मोटर सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते. ते जमणार नसेल तर सरळ गॅरेज गाठा.

काम करताना हँडब्रेक सोडलेला असतो, म्हणून पुढच्या चाकांना ठोकळे हवेत आणि गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर मुळीच नाही. पिस्टन आत जाताना टाकीतलं ऑइल वर चढतं, सांडलं तर गाडीचा रंग खातं. शेवटी, गाडी हलवण्याआधी पेडल चार-सहा वेळा दाबा. पहिल्या दाबाला ते थेट तळाशी जाऊ शकतं.