शॉकअप वजन पेलत नाही

जीपमागे दोनचाकी ट्रॉली लावून पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायचा विषय निघाला, की सल्ला ठरलेला: ‘‘माल जास्त आहे ना? मग शॉकअप जाड टाक, वजन पेलेल.’’ हे ऐकून कान किटले. शॉकअप वजन पेलत नाही. वजन पेलतात पाटे.

या समजुतीचं मूळ मोटारसायकलीत आहे. तिथे शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेली असते, त्यामुळे दोन्ही मिळून एकच वस्तू वाटते. खात्री करायची तर जीपचा तेलाचा सुटा शॉकअप जमिनीवर उभा धरून हळू दाबा. खाली जातो आणि तिथेच राहतो. आता झटक्यात ओढा, अडतो. आत पिस्टनच्या बारीक छिद्रांतून तेल रेटलं जातं आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत जिरते. दबलेल्या पाट्याची उसळी आवरणं हेच त्याचं मुख्य काम. म्हणून तो दबताना असतो त्यापेक्षा उघडताना जास्त कडक असतो. थॉमस गिलेस्पी यांच्या ‘फंडामेंटल्स ऑफ व्हेईकल डायनॅमिक्स’ (१९९२) या पुस्तकात हे प्रमाण साधारण तिप्पट दिलं आहे.

तेव्हा ट्रॉली बसली असेल तर पाटे तपासा, नाहीतर माल उतरवा. भंगारातून आणलेला जड गाडीचा कडक शॉकअप ठोकलात, तर ट्रॉली रिकामी परतताना पाटा हलतच नाही. खड्ड्यावरून चाक रस्ता सोडतं, आणि तेही घाटाच्या उतारावर, वळणात! यात जीव जाऊ शकतो, हे कुणी सांगत नाही.

बसवताना ट्रॉली नेहमीच्या मालासह सपाट जागी उभी करा. शॉकअपचा दांडा तेव्हा साधारण मध्यावर हवा, आणि बुशचे बोल्ट त्याच स्थितीत आवळायचे. पाटा पूर्ण दबला की आधी रबरी स्टॉपर टेकला पाहिजे. शॉकअप आधी टेकला तर ब्रॅकेट उखडतं. जागा नाही म्हणून तो फार तिरका लावू नका. उभ्या रेषेपासून ३० अंश कलला तर परिणाम पाऊण उरतो, ४५ अंशांवर निम्मा.

अशाच आणखी काही समजुती. ‘उलटा लावला तरी चालतो’: दुहेरी नळीचा साधा तेलाचा चालत नाही, हवा पिस्टनपाशी शिरते. एका नळीचा गॅसचा चालतो.

‘शॉकअप लावला की ट्रॉली डावी-उजवी झुलत नाही’: ते मुख्यतः मालाच्या मांडणीवर ठरतं. भार धुरीच्या थोडा पुढे ठेवा. एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा हुकवर यावा.

‘शॉकअप प्रत्येक ट्रॉलीला हवाच’: पॉवर टिलरमागून पायी चालीच्या वेगाने भाताची पोती नेणारीला नको. पाटे एकमेकांवर घासतात, तेवढं पुरतं.

आणि एका बाजूचा गळाला म्हणून तेवढाच बदलू नका. बदलाल तर एकाच मापाची जोडी बदला.