बहर, मोहर आणि पालवी

चीनमधील थांग काळातील कवी मंग च्याव आधीच्या अपयशानंतर इ. स. ७९६ मध्ये राजसेवेची परीक्षा उत्तीर्ण झाला. त्या आनंदात लिहिलेल्या कवितेतील वसंतवाऱ्याचा शब्दप्रयोग आजही चिनी लोक यशाने खुललेल्या माणसाविषयी बोलताना योजतात. काव्य असे बोलीत मुरले म्हणजे ते चिरंजीव होते.

मराठीतही वसंताची शब्दसंपदा थोडी नाही. मधु व माधव ही चैत्र-वैशाखांची वैदिक नावे. 'कुसुमाकर' हे वसंताचे नाव गीतेतले. सत्काराच्या भाषणात उत्सवमूर्तीने 'साठ वसंत' पाहिलेले असतात. ओसरीवरच्या आजोबांनी मात्र आपल्यापेक्षा 'चार पावसाळे' अधिक पाहिलेले असतात!

'बहर' या शब्दाची कथा तर अधिकच रंजक आहे. फारसीत 'बहार' म्हणजे वसंत. आमच्या या भागाला फारसी परकी नव्हे; १३४७ मध्ये स्थापन झालेल्या बहमनी राज्याची राजधानी आधी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, आणि पंधराव्या शतकात बीदर झाली, व त्या दरबारी फारसीच चाले. मराठीत येऊन हा शब्द फुलोऱ्याचा वाचक झाला. डाळिंबाचे बागाईतदार आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार असे तीन बहार मानतात. इराणचा वसंत आमच्याकडे मृगाच्या पावसातही येतो, तो असा!

येथे एक विचार मनात येतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बीदर-कलबुर्गीकडील आपली पुष्कळ मुले कन्नड शाळांतून शिकत आली आहेत, आणि त्यात वावगे काही नाही. 'वसंत', 'कुसुम' हे शब्द त्यांना कन्नड पाठ्यपुस्तकातही भेटतील, कारण ते दोन्ही भाषांना संस्कृतने दिलेले आहेत. परंतु कोवळ्या पानांना कन्नडात 'चिगुरु' म्हणतात. 'पालवी' तेथे भेटणार नाही. आंब्याचा 'मोहर', त्यावरून 'मन मोहरणे', 'आशेला पालवी फुटणे' हे वैभव मुलांना घराबाहेर सहसा मिळणार नाही. ते आई-आजीच्या तोंडूनच यावयाचे.

पाडवा आणि युगादी एकाच दिवशी येतात. भालकीत काय, आळंदमध्ये काय, त्या दिवशी कडुनिंब दोन्ही घरी लागतो. वाचकहो, त्या दिवशी मुलांना कडुनिंबाखाली न्यावे, कोवळे पान हाती द्यावे आणि त्याला 'चिगुरु' म्हणतात तसेच 'पालवी'ही म्हणतात, एवढेच सांगावे. पाठांतराची गरज नाही. पाहिलेल्या वस्तूचे नाव मूल विसरत नाही.