भीती दाखवावी की हिकमतीने पटवावे?

डोंबिवली-कल्याणच्या मधल्या आपल्या ठाकुर्लीत अम्मी-अब्बांचे एक वाक्य रोजचे आहे: "पुलावरून जा, रुळांतून नको." मुले मान हलवतात आणि घाई झाली की रूळच ओलांडतात. मग आपण दरडावतो, "पोलीस पकडेल!" त्यातून मूल पोलीस कुठे आहे ते बघायला शिकते, गाडी बघायला नाही.

२०१०च्या सुमारास मध्य रेल्वेच्या वडाळा स्थानकाजवळ 'फायनल माइल' या कंपनीने वेगळी वाट धरली. मोठी वस्तू लांबून येताना डोळ्यांना हळू भासते. म्हणून काही स्लीपर पिवळे रंगवले. गाडीखाली ते भराभर झाकले गेले की वेग कळतो. एका लांब भोंग्याऐवजी मध्ये थांबून दोन छोटे भोंगे सुचवले, कारण शांततेनंतरचा आवाज पटकन लक्ष वेधतो. गाडीखाली सापडणाऱ्या माणसाचा भेदरलेला चेहराही फलकावर लावला.

भीती तिथेही होती, पण खऱ्या धोक्याची. पिवळ्या रंगाचे कारण लोकांना सांगितले तरी त्याचा उपयोग कमी होत नाही. पोलिसाची खोटी धमकी मात्र उघडी पडली की संपते, आणि आपल्या शब्दाची किंमतही घेऊन जाते. पटवणे आणि फसवणे यांतला फरक ओळखायची ही सोपी कसोटी आहे.

तेव्हा एखाद्या दिवशी मगरिबच्या आधी मुलांना पुलावर नेऊ या. लांबून दिसलेली लोकल किती आकड्यांत पुलाखाली येईल, याचा अंदाज त्यांना आधी सांगू द्यावा आणि मग मोजू द्यावे. आपण गप्प राहावे.