उंच माणसाची सायकल : सीट वर केली म्हणजे झाले का?

आपल्याकडे उंच माणसाचे कौतुक होते, पण त्याची सोय कोणी पाहत नाही. चाळीच्या दाराची चौकट, एस.टी.च्या दोन बाकांमधली जागा, खाटेची लांबी, सगळे काही साडेपाच फुटी माणसाच्या मापाचे. सायकलही त्याला अपवाद नाही.

हल्ली गिरगाव, दादर, परळ भागातली बरीच तरुण मंडळी पहाटे रोड सायकल घेऊन मरीन ड्राइव्हच्या दिशेने निघतात. व्यायाम उत्तमच आहे. पण यातले सहा फूट दोन इंचांच्या पुढचे तरुण लालबागच्या माझ्या दवाखान्यात येतात, तेव्हा तक्रारी ठरलेल्या असतात : गुडघा दुखतो, कंबर धरते, हाताची बोटे बधिर होतात. "डॉक्टर, सायकल भारीतली आहे आणि सीटही शेवटपर्यंत वर केली आहे," असे ते सांगतात. दुखण्याचे मूळ बहुधा या शेवटच्या वाक्यातच असते.

जुन्या सायकलींचे माप

काळी दुचाकी सायकल २०, २२ आणि २४ इंची फ्रेममध्ये मिळत असे. हे माप चाकाचे नव्हे, सीटखालच्या उभ्या नळीचे. वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता, तो १९८० साली कायद्याने सरकारच्या ताब्यात गेला आणि पुढे बंद पडला. त्या काळातला उंच गिरणी कामगार दुकानात जाऊन "चोवीसची द्या" म्हणे. बहुतेक २४ इंची फ्रेमला बळकटीसाठी वर दोन आडव्या नळ्या असत. शिवाय या सायकलीवर माणूस ताठ बसतो. त्यामुळे लांबी थोडी कमी-जास्त असली तरी निभावून जाई.

रोड सायकलवर मात्र पुढे वाकून बसावे लागते. इथे पायाबरोबर पाठ आणि हात यांचेही माप जुळावे लागते. आणि दुकानात मात्र मधल्या मापाच्याच सायकली जास्त असतात. उंच गिऱ्हाईक आले की सीट वर काढून दिली जाते.

सीट वर केल्याने काय होते?

सीटखालची नळी सरळ उभी नसते, मागे कललेली असते. म्हणून सीट १० सेंटीमीटर वर काढली की ती सुमारे ३ सेंटीमीटर मागेही जाते. हँडल मात्र जागच्या जागी राहते. परिणामी हँडल खाली आणि लांब जाते. स्वार कमरेतून जास्त वाकतो आणि समोरचे पाहण्यासाठी मान उचलून धरतो. वजन मागच्या चाकावर गेल्याने चढावर पुढचे चाक हलके पडते.

दुसरा धोका अपघाताचा. सीटच्या दांड्यावर एक आडवी खूण कोरलेली असते. ती खूण नळीबाहेर दिसता कामा नये. दिसली तर दांडा वाकतो, किंवा फ्रेमची नळी सांध्याजवळ तडकते. उंच माणसाचे वजनही बहुधा जास्त असते, त्यामुळे हा धोका त्याला अधिक. जुन्या पद्धतीच्या हँडलच्या दांड्यावरही अशीच खूण असते.

दुखणे काय सांगते?

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीभोवती दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. गुडघ्याच्या मागे ओढ बसत असेल, किंवा पायडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट वर आहे. कंबर आणि मान धरत असेल तर हँडल खाली किंवा लांब आहे. करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तळहातावर भार पडून तिथली शीर दबते आहे. जांघेत बधिरपणा येत असेल तर तो लाजेने लपवू नये. सीट जास्त उंच, अरुंद किंवा नाक वर केलेली असली की तिथल्या शिरांवर दाब येतो. हे वेळीच सुधारले तर बहुधा औषधाची गरज पडत नाही.

घरच्या घरी माप

अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. दोन पावलांत वीतभर अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन पायांच्या मध्ये धरून, सीटवर बसल्यासारखा दाब येईल इतके वर ओढा. पुस्तकाची वरची कड भिंतीवर खुणावा आणि जमिनीपासून मोजा. हे पायाचे खरे माप. शिंप्याने घेतलेले पँटचे माप इथे चालत नाही.

समजा, सहा फूट चार इंच उंचीच्या तरुणाचे हे माप ९२ सेंटीमीटर आले. त्याला ०.८८३ ने गुणले की सुमारे ८१ सेंटीमीटर येतात. पायडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढी उंची असावी. त्याच ९२ ला ०.६५ ने गुणले की सुमारे ६० सेंटीमीटर येतात. आडवी नळी सरळ असलेल्या रोड फ्रेमचे हे माप. म्हणजे जुन्या चोवीस इंचीच्या, ६१ सेंटीमीटरच्या, अगदी जवळ!

हा अंदाज आहे, अखेरचा निकाल नव्हे. सायकलवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल तळाला न्या. पाय सरळ व्हावा. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा बाक राहावा. तळाशी २५ ते ३५ अंशांचा बाक योग्य मानतात.

खरेदी करताना

चाक मोठे म्हणजे सायकल मोठी, हा समज चुकीचा आहे. बहुतेक रोड सायकलींची चाके लहान-मोठ्या मापांत सारखीच असतात. आजकाल वरची नळी उतरती असते, म्हणून नुसत्या 'लार्ज' शब्दावर विसंबू नका. कंपनीच्या तक्त्यात 'स्टॅक' आणि 'रीच' असे दोन आकडे असतात. स्टॅक म्हणजे पायडलच्या मध्यापासून फ्रेमचा पुढचा माथा किती उंच, आणि रीच म्हणजे तो किती पुढे. उंच माणसाने स्टॅक जास्त असलेली, लांब पल्ल्यासाठी बनवलेली फ्रेम घ्यावी. तिच्यावर पाठ कमी वाकते.

पायडलच्या दांड्या साधारण १७० ते १७५ मिलिमीटरच्या असतात. त्यापेक्षा लांब दांड्या मिळतात, पण त्याने ताकदीत फारसा फरक पडत नाही. पैसे आधी फ्रेमवर खर्च करावेत. टायर २८ ते ३२ मिलिमीटरचे आणि चाकाला निदान ३२ तारा असाव्यात. पावसाळ्यातले आपले रस्ते आणि ९०-१०० किलोचा स्वार यांना बारीक चाक पुरत नाही.

उंची ही अडचण नव्हे. स्पेनच्या मिगेल इंदुराईनने सहा फुटांहून उंच असूनही १९९१ ते १९९५ सलग पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकली. कॉनर डन हा सुमारे पावणेसात फुटी स्वार २०१८ साली आयर्लंडचा राष्ट्रीय विजेता ठरला.

हृदयाकडेही लक्ष

एक सूचना महत्त्वाची. घरातल्या इतरांहून फारच उंच व सडपातळ, बोटे लांबसडक, दोन हातांचा पसारा उंचीपेक्षा बराच जास्त, छातीचा पिंजरा आत गेलेला किंवा पुढे आलेला, चष्म्याचा नंबर मोठा, अशी बरीचशी लक्षणे एकत्र असतील तर 'मार्फान' या आनुवंशिक विकाराची शंका घ्यावी. यात हृदयातून निघणारी महारोहिणी हळूहळू फुगते आणि जोराच्या श्रमात फाटू शकते. अमेरिकेची सहा फूट पाच इंची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ साली जपानमध्ये सामना चालू असतानाच यामुळे दगावली. विकार मृत्यूनंतरच कळला. असे वाटल्यास शर्यतीची तयारी करण्याआधी इकोची तपासणी करून घ्यावी. परळच्या के.ई.एम.सारख्या सार्वजनिक रुग्णालयातही ती होते. बहुतेक उंच माणसांना हा विकार नसतो, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही.

तालुक्याच्या दुकानात ६० सेंटीमीटरची रोड सायकल सहसा ठेवलेली नसते. मुंबई-पुण्याहून मागवावी लागते. तेव्हा आधी पायाचे माप घ्या, चिठ्ठीवर लिहा आणि मुंबईच्या नातेवाइकाला ती चिठ्ठी पाठवा. शक्य असेल तर स्वतः जाऊन बसून पाहा. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा आणि अजून वाढत असेल तर महागडी सायकल दोन वर्षे थांबून घेतलेली बरी.