माती, गाठ आणि मसावि



या सत्रात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी आपण मातीकामाचे दहा दिवस ठेवले आहेत. त्यावर काही पालकांनी विचारले, "सर, मुलांनी आता मडकी घडवायची का? तेवढ्या वेळात गणिताचा एक धडा पूर्ण होईल." प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावे लागेल, म्हणून हे पान.

या दिवसांत मुले मातीच्या फरशीवर केल्टिक गाठ कोरणार आहेत. केल्टिक गाठ म्हणजे अशी नक्षी, की जिच्यात एक पट्टी स्वतःच्याच वरून-खालून जात विणली जाते आणि तिचा आरंभ व शेवट सापडत नाही. आयर्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधील ख्रिस्ती मठांत सातव्या-आठव्या शतकांत ती बहरली. इ.स. ७०० च्या सुमाराचा लिंडिसफार्न ग्रंथ आणि ८०० च्या सुमाराचा केल्स ग्रंथ या वासराच्या कातड्यावर हाताने लिहिलेल्या पोथ्यांत ती पानोपानी आहे. केल्स ग्रंथ आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. दगडी क्रुसांवरही ही नक्षी कोरलेली आढळते. प्रत्येक गाठीला प्रेम, मैत्री, सौभाग्य असा अर्थ लावून आज बाजारात दागिने विकले जातात. पण जुन्या ग्रंथांत असा अर्थकोश कुठेही दिलेला नाही.

मातीच्या भांड्यांवर मात्र त्या काळी ही नक्षी फारशी नव्हती. आयर्लंडच्या बऱ्याच भागांत तेव्हा लाकूड, कातडे आणि धातू यांचीच भांडी वापरात होती. ही गाठ मातीवर मोठ्या प्रमाणावर उतरवणाऱ्यांत एका बाईंचे नाव घ्यावे लागते, आणि त्यांचा जन्म आपल्या महाराष्ट्रातला आहे.

मेरी फ्रेझर टायटलर यांचा जन्म १८४९ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. मेरी वाढल्या स्कॉटलंडमध्ये. १८८६ मध्ये प्रसिद्ध चित्रकार जॉर्ज वॉट्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे दोघे इंग्लंडच्या सरे परगण्यातील कॉम्प्टन या खेड्यात राहू लागले. १८९५ मध्ये गावाला नवी दफनभूमी मिळाली. तिथे प्रार्थनामंदिर हवे होते. मेरीबाईंनी आराखडा दिला आणि एक अट स्वतःलाच घातली, की नक्षीकाम गावकऱ्यांच्या हातून व्हावे.

त्यांनी घरीच संध्याकाळचा वर्ग सुरू केला. दिवसभर आपापली कामे उरकून सत्तरच्या वर गावकरी त्यात शिकले. माती त्यांच्याच आवारातली. लोकांनी तक्ते कोरले, ते भाजले आणि भिंतीत बसवले. १८९८ मध्ये लाल भाजक्या मातीचे, केल्टिक गाठींनी मढलेले ते मंदिर उभे राहिले. आजही ते पाहायला मिळते. त्या वर्गातूनच पुढे मातीकामाची एक संस्था निघाली. तिच्या बागेतल्या कुंड्या लंडनच्या लिबर्टी या दुकानात विकल्या गेल्या आणि १९५० च्या दशकापर्यंत ती चालली. ज्यांना आयुष्यात कुणी कलावंत म्हटले नव्हते, त्यांचे हे काम.

ते जमले कसे? कारण गाठ काढायला "हात चांगला" असण्यापेक्षा नियम पाळणे महत्त्वाचे. आपल्या रांगोळीसारखे ठिपके मांडा: तीन ओळी, प्रत्येकीत चार ठिपके. ठिपक्यांच्या मधून तिरकी रेघ न्या. कडेला पोचली की आरशावरून उजेड परततो तशी ती आत वळवा. फिरत फिरत रेघ सगळ्या ठिपक्यांना वेढून जिथून निघाली तिथेच परत येते. आता तीन ओळींत तीन-तीन ठिपके घ्या. या वेळी एका रेघेत काम होत नाही, तीन वेगळ्या दोऱ्या लागतात. चार ओळींत सहा-सहा घेतले तर दोन लागतात. का? ३ आणि ४ यांचा मसावि १, ३ आणि ३ यांचा ३, ४ आणि ६ यांचा २. मसावि म्हणजे तुमच्या हिंदी पुस्तकातला महत्तम समापवर्तक. जितका मसावि, तितक्या दोऱ्या! पालकांना हवा असलेला गणिताचा धडा तो हाच.

मग प्रत्येक छेदावर पट्टी एकदा वरून, एकदा खालून न्यायची. एक छेद चुकला की पुढचे सारे चुकते आणि चूक लपत नाही. काही छेद तोडून टोके परत वळवली की साध्या वेणीतून नवनव्या गाठी तयार होतात. ही रीत रोमिली अ‍ॅलन यांनी १९०४ च्या पुस्तकात उलगडली आणि जॉर्ज बेन या स्कॉटिश चित्रकला शिक्षकांनी १९५१ मध्ये ती विद्यार्थ्यांना जमेल अशी मांडली.

माती मात्र वेगळी शिस्त शिकवते. ती नीट मळावी लागते. आत हवा आणि ओल राहिली तर भट्टीत तुकडा फुटतो. फरशी सगळीकडे सारख्या जाडीची हवी, नाहीतर वाळताना तडकते. कोरायची वेळही साधावी लागते. माती ओली असेल तर रेघेच्या कडा लोळतात, पार वाळली तर ढलप्या उडतात. अर्धवट वाळून ती चामड्यासारखी घट्ट झाली की पट्टीभोवतीची माती खरवडायची, म्हणजे पट्टी उठून दिसते. जिथे पट्टी खाली जाते तिथे ती किंचित खोल करायची. मग सावलीत सावकाश वाळवणे आणि शेवटी आवा. सुमारे ६०० अंश सेल्सिअसला मातीच्या कणांत बांधलेले पाणीही निघून जाते आणि ती पुन्हा कधी चिखल होत नाही. शाडूचा गणपती पाण्यात विरघळतो आणि माठ विरघळत नाही, त्याचे कारण हे.

आता विश्वस्त मंडळींना एक विनंती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना शिकावे असे म्हटले आहे, आणि ज्यांच्याकडून शिकावे त्या जाणकारांत कुंभाराचा उल्लेख आहे. आपल्याकडे शिकवायला येणारे कुंभार पिढ्यान्‌पिढ्या चाक चालवत आले आहेत. त्यांच्या पणत्या आणि माठ आपण घासाघीस करून घेतो, आणि मग त्यांच्या घरची मुले चाकाकडे पाठ फिरवतात. बाहेरून येणाऱ्या व्याख्यात्याला आपण देतो तेवढेच मानधन त्यांना मिळावे. ते शिकवतील तेव्हा मुले त्यांना "सर" म्हणतील, हे मी वर्गात सांगितले आहे.

पालकांनी मुलांना जुन्या कपड्यांत पाठवावे. शेवटच्या दिवशी फरश्या मांडून ठेवू. या, बोट ठेवून एकेका पट्टीचा माग काढा आणि दोऱ्या किती, ते मुलांना विचारा.