परवाना कशाच्या आधारावर?

लग्न झाल्यावर पतिपत्नींनी एकत्र राहावे, यात परवानगी ती कसली, असे आपल्याला साहजिकच वाटते. परंतु दोघांचे देश भिन्न असले, की संसार कोठे थाटावयाचा हे केवळ त्या दोघांच्या संमतीने ठरत नाही. हे कसे घडते ते पाहण्यासाठी आपण जर्मनीचे उदाहरण घेऊ.

समजा, महाराष्ट्रातील एका मुलीने जर्मन नागरिकाशी विवाह केला. तेवढ्याने ती जर्मन नागरिक होत नाही. तेथे राहण्याचा परवानाही आपोआप हाती पडत नाही. प्रथम तिने भारतातील जर्मन वकिलातीकडे दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज करावयाचा. त्यासाठी लग्नपत्रिका पुरत नाही. विवाहनोंदणीचा सरकारी दाखलाच लागतो. शिवाय, २००७ पासून, येणाऱ्या जोडीदाराला निघण्यापूर्वीच प्राथमिक जर्मन भाषा यावी लागते. काही वर्गांना यातून सूट आहे. सक्तीच्या विवाहांना आळा बसावा, हे या अटीचे एक कारण सांगितले गेले. तर तिच्यामुळे पतिपत्नींची ताटातूट लांबते, हा तिच्यावरचा आक्षेप. तेथे पोचल्यावर पत्त्याची नोंद करावयाची आणि परकीय नागरिकांच्या कचेरीतून मुदतीचा निवास-परवाना घ्यावयाचा. त्यावर नोकरीही करता येते.

येथवर सारे कागदांचे काम झाले. खरा प्रश्न पुढेच आहे. परवान्यावर नाव पत्नीचे असते, पण त्याचा आधार असतो विवाह. तो आधारच सुटला तर?

याचे उत्तर कायद्याने वर्षांत दिले आहे. जर्मनीत पतिपत्नींचे सहजीवन ठरावीक काळ झाले असेल, तर विभक्त झाल्यावरही जोडीदाराला राहण्याचा स्वतंत्र हक्क मिळतो. हा काळ २००० पर्यंत सामान्यतः चार वर्षांचा होता. त्या वर्षी तो दोनवर आला आणि २०११ मध्ये तीन वर्षांचा झाला. ही वर्षे लग्नाच्या तिथीपासून नव्हे, तर जर्मनीतील एकत्र वास्तव्यापासून मोजतात, हे विसरू नये. या नियमाला अपवादही आहेत. सहजीवन चालू असतानाच जोडीदाराचा मृत्यू झाला, तर तीन वर्षांची अट राहत नाही. विशेष हालअपेष्टांच्या प्रसंगीही ती सोडून देता येते, आणि घरातील मारहाण व छळ यांचा कायद्याने त्यांत स्पष्ट समावेश केला आहे. म्हणजे परवान्यासाठी तीन वर्षे मार खात बसले पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. तसे सांगून कोणी धाक घालीत असेल, तर तो खोटा आहे.

मुलीऐवजी मुलगा असता तरी नियम हेच. तथापि परमुलखात एकट्या पडलेल्या मुलीला त्यांची माहिती असणे अधिक अगत्याचे. म्हणून आम्हांला वाटते, की पाठवणी करताना आईबापांनी दागिन्यांइतकीच कागदांचीही काळजी घ्यावी. पारपत्र, विवाहाचा दाखला आणि परवाना तिच्या स्वतःच्या ताब्यात असावा. आणि आपला हक्क केव्हा, कशाने सिद्ध होतो, हे तिला निघण्यापूर्वीच ठाऊक असावे.